हाक आली का?

९ जानेवारी

ताई,

नमस्कार. या पत्रात गोड शब्द एवढा एकच, तो आधीच उरकून घेतला.

शाळा सोमवारी सुरू झाली. आज गुरुवार. खारूचा बाक रिकामा आहे. बाई रोज विचारतात आणि मी रोज सांगते, आत्याकडे गेलीय, येईल आज-उद्या. सुट्टीपुरती म्हणून पोरीला घेऊन गेलात. सुट्टी संपली, पोरगी आली नाही, तिच्याऐवजी पाकीट आलं. आणि पाकिटात काय, तर तिच्या बापाच्या मेंदूचा आलेख! वर तुमच्या हातच्या तीन ओळी: बटण दाबायला त्याला इतरांच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागला, अशा माणसावर दुपारभर मूल सोपवणं मला पटत नाही, खारू इथेच राहील.

राहील? कोण ठरवणार? तुम्ही?

फोन केला तर तुम्ही "कामात आहे" म्हणून ठेवून देता. आणि मी तरी फोनवर काय बोलणार होते? तोंडाला येईल ते बोलले असते. म्हणून लिहिते. कागदावर शिव्या निदान खोडता येतात. वर दोन ठिकाणी खोडलेलं दिसतंय ना, त्या त्याच आहेत.

तुम्ही प्रयोगशाळेत लोकांच्या डोक्यावर तारांच्या टोप्या बसवता. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाचा मेंदू आवाज ऐकून काय करतो, हात किती वेळाने हलतो, ते तिथे मोजतात. चांगलं काम आहे, मोजा की! तुम्हीच म्हणालात, भावाला पाठव, उद्या दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. तो हौसेने आला. नवा शर्ट घातला होता त्या दिवशी. डोक्याला लावलेला तो चिकट लगदा दोन दिवस केसातून निघत नव्हता, तर खारूने त्याचं डोकं धुऊन दिलं आणि दोघं हसून हसून लोळले. आणि तुम्ही काय केलंत? ज्या पट्टीने आजार मोजायचा, त्या पट्टीने माझं घर मोजलंत.

मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. दिवसभर लोकांचे नंबर माझ्या हाताखालून जातात. अमक्याचा नंबर फार आहे, त्याची पोरं काढून घ्या, असं अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही.

दुपारी तो शाळेच्या फाटकात उभा असतो. कधी चुकला नाही. तिला वाढतो, मग खुर्च्या विणायला बसतो आणि ती अर्ध्या विणलेल्या खुर्चीच्या सांगाड्यात बसून अभ्यास करते. सात वर्षं झाली, एका गोळीचा खाडा नाही. हे सगळं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. डोळ्यांवर विश्वास नाही आणि एका कागदावर आहे, याला काय म्हणावं?

या रविवारी खारूला आणून सोडा. नाहीतर मला यावं लागेल, आणि मी आले तर तुमच्या जिन्यातल्या सगळ्या दारांना कळेल मी का आले ते.

तुमची भावजय


१३ जानेवारी

भावजयबाई,

पत्र पोचलं. खोडलेल्या शिव्या उजेडात धरल्या की वाचता येतात. शाई बदल.

मी टोप्या बसवते म्हणून मला अक्कल नाही असं तुला वाटत असेल, तर वाटू दे. पण त्या दिवशी काचेपलीकडे मी उभी होते, तू नव्हतीस. घरच्या माणसाला आपण हात लावायचा नाही असा नियम आहे, म्हणून टोपी दुसऱ्याने बसवली. मी नुसती बघत होते. काम काय होतं? वरच्या पट्टीतला आवाज आला की बटण दाबायचं, खालच्या पट्टीतला आला की गप्प बसायचं. झालं. खारू करेल हसत-हसत. आवाज यायचा आणि हा मान वर करून काचेकडे बघत बसायचा. माझ्याकडे. मग केव्हातरी दाबायचा. कधी दाबायचाच नाही. आम्हाला खुणा करायची बंदी असते, तोंड दगडासारखं ठेवायचं. पण मी मान खाली घातली ती नियमासाठी नाही. मला बघवेना.

आणि हात सोड. आवाज ऐकल्यावर डोक्यात एक लाट उठते, 'हं, आला' म्हणणारी. आमच्या पडद्यावर ती दिसते. इतरांची टेकडीएवढी. त्याची उंबरठ्याएवढी. हे मी रोज दहा जणांचं बघते आणि जेवायला घरी येते. त्या दिवशी मी जेवले नाही.

आता दुसरी गोष्ट. "डोळ्यांनी पाहिलंय" म्हणून मला ठणकावतेस ना? मग हेही पाहिलं. खारूच्या बाह्या अंघोळीच्या वेळी वर केल्या, तर मनगटापासून थेट कोपरापर्यंत भाजल्याचा डाग. नवा, गुलाबी. विचारलं, तर पोर म्हणते, "आईने सांगायचं नाही म्हटलंय." जवळ घेतली, तेव्हा बोलली. चहाचं भांडं उतरवत होती. सांडलं. "मी बाबाला हाका मारल्या. खूप मारल्या. बाबा बाहेरच्या खोलीत बसला होता. आला नाही."

आला नाही! दहा पावलांवर बसलेला बाप आला नाही, आणि पोरीने स्वतःचा हात स्वतः नळाखाली धरला. आणि तू मला फाटकाच्या आणि खुर्च्यांच्या गोष्टी सांगतेस! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. लपवलंस. पोरीलाही लपवायला शिकवलंस.

आई गेली तेव्हा तो खारूएवढा होता. त्याला मी वाढवलं, आणि पहिल्यांदा आवाज यायला लागले तेव्हा रस्त्यातून ओढून मी घरी आणलं. तेव्हा तू कुठे होतीस? कानामागून आलीस आणि तिखट झालीस. त्याच्यावर माझं प्रेम नाही असं म्हणायची तुझी हिंमत होऊ नये. पण तो माणूस आहे, खारू मूल आहे, आणि दोघांतून एकाला निवडायची वेळ आली तर मी मूल निवडेन.

इथल्या शाळेत चौकशी केली आहे. जागा आहे.

ताई


१७ जानेवारी

ताई,

हो. भाजला. हो, मी लपवलं.

का लपवलं, ते तुमच्याच पत्रात लिहिलंय, शेवटच्या ओळीत. "जागा आहे." मला ठाऊक होतं. तुम्हाला कळलं की तुम्ही बसून विचारणार नाही, की काय झालं, कसं झालं, आता काय करताय. तुम्ही दप्तर भराल. तेच झालं. खारूला 'सांगू नकोस' म्हणाले ते माझ्या जिवावर आलं होतं, पण म्हणाले. त्याबद्दल मला बोला. हवं ते बोला, तोंड दाबून सोसेन. त्याला बोलायचं नाही.

भाजलं त्या संध्याकाळी मी घरी आले तर तो ओट्याखाली बसला होता. खारू त्याच्या मांडीवर, हाताला मलम लावलेलं, आणि ती त्याला समजावत होती, "दुखत नाही रे बाबा, बघ, दुखत नाही." तो काय बोलला ते मी सांगणार नाही. तो सांगेल. तुमचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. मला वाटलं होतं कोसळेल. तर काचेची गोष्ट आली तिथे हसला. मग म्हणाला, "ताईला मी लिहितो."

तो काचेकडे का बघत होता, हे तुम्हाला कळलं नाही? दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर मी समजू शकले असते. पण तुम्हाला? रस्त्यातून ओढून आणलंत म्हणता, रोज दहा डोकी बघता म्हणता, आणि आपल्या भावाने आपल्याकडे का बघितलं ते कळलं नाही! नाकाने कांदे सोलायचे आणि घरचं माणूस ओळखायचं नाही.

आणि एक सांगते. तुमच्या घरात मूल नाही. संध्याकाळी घर खायला उठतं, हे मलाही समजतं. पण त्याच्यावर औषध म्हणून माझं मूल ठेवून घेऊ नका.

हे लिहिलं. वाईट लिहिलं. खोडत नाही.

खारूची आई


१८ जानेवारी

ताई,

माझं अक्षर वाकडं आहे, ते गोळ्यांमुळे. आधीही फार सरळ नव्हतं, म्हणून सगळं पाप गोळ्यांवर घालत नाही.

हिचं शेवटचं वाक्य मी वाचलं. पाठवू नको म्हणालो. पाठवणार म्हणाली. तुम्ही दोघी एकमेकींना झेपाल, मधे माझं काही चालत नाही.

तर काच. तुझ्या त्या खोलीत खुर्ची चांगली होती, वीण नव्हती, रेक्झिन होतं, असो. पहिला आवाज आला. मी ऐकला. पण मी ऐकला म्हणजे तो आला, असं माझ्या बाबतीत नसतं ना! माझ्या डोक्यात भाडेकरू आहेत, तुला माहीत आहेत. काढायला गेलं की जास्त गोंगाट करतात. त्यातले दोघं-तिघं शिट्ट्यासुद्धा वाजवतात. तर तुमच्या यंत्राची शिट्टी कोणती आणि यांची कोणती, हे मी कसं ठरवणार?

घरी त्याची पद्धत आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही दोघांनी बसवली. आवाज आला की समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. त्यानेही ऐकला असेल तर डोळ्यांत कळतं. मगच हलायचं. दारावर थाप पडली की मी हिच्याकडे बघतो, ही मान हलवते, मी दार उघडतो. पाहुण्यांना वाटतं, बायकोच्या परवानगीशिवाय हा दारही उघडत नाही. वाटू दे. पण ही पद्धत हिची नाही, माझी नाही, तुझीच आहे. अगदी सुरुवातीला मी तुला विचारायचो, "ताई, कुणी बोललं का?" आणि तू कधी "बहुतेक" म्हणाली नाहीस, "जाऊ दे ना" म्हणाली नाहीस. हो तर हो, नाही तर नाही. त्या तुझ्या हो-नाहीवर मी शिकलो, कामाला लागलो, लग्न केलं.

म्हणून काचेकडे बघत होतो. म्हटलं, ताई आहे, काळजी नाही. आणि तू मान खाली घातलीस. मग काय, अंदाजाने दाबत बसलो. म्हटलं, बिचाऱ्यांचे आकडे रिकामे राहायला नकोत.

बढाई मारत नाही. तोंडं बघितली नसती तरी मी मंदच निघालो असतो. लाट बुटकी असेल, तुझं यंत्र कशाला खोटं बोलेल? पण सही करताना तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, तुमचं नाव कुठे येणार नाही, नुसता क्रमांक. त्या क्रमांकावर तू माझं नाव लिहिलंस आणि माझ्याच बायकोला पाठवलंस. हे तू करायला नको होतंस.

आता हात भाजला ते. हे लिहायला दोन दिवस लागले.

भाडेकरूंतल्या एकाने खारूचा आवाज उचललाय. वर्ष होत आलं. ती शाळेत असते, मी एकटा खुर्ची विणत असतो, आणि स्वयंपाकघरातून "बाबा, बाबा." रडवेला आवाज. आधी दोनदा मी तसाच धावत शाळेत गेलो. ती वर्गात पाढे म्हणत होती. बाई म्हणाल्या, असं येऊ नका, मुलं घाबरतात. तेव्हापासून मी उठत नाही. दात आवळतो आणि विणतो. त्या दुपारी आम्ही दोघंच होतो. सकाळपासून तो आवाज चालूच होता. मग हाक आली. बघायला समोर तोंड नव्हतं. मला ऐकू आलं नाही असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. प्रत्येक हाक ऐकली मी, ताई. वेत हातात धरून बसलो आणि मनात म्हणत राहिलो, ही ती नाही, ही ती नाही. मग ती दारात येऊन उभी राहिली, हात पुढे धरून.

त्यावर तोडगा खारूने काढला. हाक मारायची नाही. येऊन चिमटा काढायचा. येता येत नसेल तर हाताला लागेल ते फेकायचं. तू तिला घेऊन जायच्या आदल्या दिवशी कंगवा फेकला, तो थेट टाळक्यात बसला. भाडेकरूंना कंगवा फेकता येत नाही.

शेवटचं. मला राग आलाय. मी रागावलो की सगळे आधी गोळ्या मोजायला धावतात, म्हणून मी राग हळू आवाजात करायला शिकलो. इथे मोठ्याने लिहितो. मला राग आलाय. मला विचारल्याशिवाय माझी पोरगी कुणी ठेवून घ्यायची नाही. तू सुद्धा नाही. तू तर नाहीच नाही.

पुढच्या रविवारी येतो. एकटा. गाडी कुठे बदलायची ते मला येतं.

धाकटा


२१ जानेवारी

धाकट्या,

पत्र वाचलं. रडले. रडले म्हणून मत बदललं असं नाही.

क्रमांकाचं तू म्हणतोस ते खरं आहे. मी तो कागद बाहेर काढायला नको होता. पण काढला आणि बघितला, आता न बघितल्यासारखं कसं करू? चिमटा, कंगवा, सगळं समजलं. उद्या ती जिन्यावरून पडली आणि तिला फेकायची शुद्धच नसली तर? पहिली हाक मारून तिचा आवाज बंद झाला तर? तेव्हा तू वेत धरून बसणार. याला तुमच्या दोघांकडे काय उत्तर आहे? असेल तर लिही. नसेल तर येऊ नकोस. मला दारात उभं राहून तुला नाही म्हणायला लावू नकोस.

ताई


२७ जानेवारी

भावजयबाई,

खारू पोचली असेल. तिचं स्वेटर आणि एक वही इथे राहिली, पाठवते.

काल काय झालं ते तो नीट सांगू शकणार नाही, म्हणून मीच लिहिते. तो दुपारी आला. मी म्हटलं, बस, पाणी पी, शांतपणे बोलू. तो दारातच उभा राहिला, आत येईना. "खारूला बोलाव" एवढंच. तेवढ्यात आतल्या खोलीतून खारूने हाक मारली. "बाबा!" अगदी स्पष्ट, खणखणीत. मधे एक पडदा, दुसरं काही नाही. आणि तुझा नवरा, माझा भाऊ, लेकीची हाक आली असताना वळला आणि जिना उतरायला लागला.

मी खोटं सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलं. तो पार खालच्या वळणावर पोचला तेव्हा खारू माझ्या हाताखालून निसटली आणि अनवाणी धावत गेली. मागून जाऊन तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला, तेव्हा कुठे तो थांबला. मग दोघं जे गेले, ते वर आलेच नाहीत. मी अडवलं नाही. जिन्यात तमाशा करणाऱ्यातली मी नाही.

पण आता तरी डोळे उघड. प्रयोगशाळा नव्हती, टोपी नव्हती, काच नव्हती. घराचं दार होतं आणि पोटची पोर हाक मारत होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला? यापुढे पोरीला काही झालं तर ते तुझ्या माथी. मी सांगायचं ते सांगितलं.

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

तुमचं पत्र आधी माझ्या हातात पडलं हे नशीब. त्याला दाखवलं नाही. शेगडीवर धरलं आणि जाळलं. पण जाळण्याआधी दोनदा वाचलं. "अगदी स्पष्ट, खणखणीत." तुमचेच शब्द आहेत, लक्षात ठेवा.

दोघं घरी आले तेव्हा मी फाटकात उभी होते. खारूच्या पायात बापाचे मोजे आणि तोंडभर हसू. तो मात्र काळजीत. मला वाटलं, तुम्ही काही बोललात. जेवताना म्हणाला, "ताई म्हातारी झाली गं." म्हटलं, का? तर म्हणाला, "तिला ऐकू येत नाही. ती म्हणाली खारू मैत्रिणीकडे गेलीय, आणि तेवढ्यात मला खारूची हाक आली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. विचारलं, 'ताई, हाक आली का?' ती म्हणाली, 'नाही रे.' म्हटलं, मग भाडेकरूच असणार. निघालो. आणि खारू तर खरंच आत होती! एवढ्याने ओरडली, आणि तिच्या आत्याला पत्ता नाही. आपल्या घरात मूल आहे का नाही तेही तिच्या लक्षात राहत नाही बघ आता."

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

मग खारूला ओट्यापाशी घेतलं आणि विचारलं. ती म्हणाली, "आई, बाबाला नाही सांगितलं मी, पण आत्याला ऐकू आलं होतं. मी पडद्याआड होते. तिने हात मागे करून मला गप्प केलं. तिचा हात माझ्या तोंडावर होता."

नाही रे! तो 'रे' तर काय प्रेमाचा! एक हात लेकराच्या तोंडावर आणि तोंडाने 'नाही रे'. त्याने तुम्हाला पत्रात लिहिलं होतं, कुठे हात घातला की तो कोसळतो ते. स्वतःच्या हाताने दाखवून दिलं होतं, आपली ताई म्हणून. आठ दिवसांच्या आत तुम्ही तिथेच हात घातलात. आणि वर ते मला पुरावा म्हणून लिहून पाठवलंत! बाप हाक ऐकून वळला म्हणे! तुमच्या यंत्रातल्या कुठल्याही लाटेला जेवढी लाज असेल तेवढी तुम्हाला नाही.

जिभेवर आलं होतं माझ्या. सांगणार होते त्याला, तुझी ताई बहिरी नाही, खोटारडी आहे. तोंड उघडलं, आणि त्याने माझ्याकडे बघितलं. तसंच, नेहमीसारखं. बाहेर दारावर थाप पडली होती, शेजारची शिंपीण आली होती. मी मान हलवली. त्याने उठून दार उघडलं. आणि मला कळलं, की हे मी त्याला सांगितलं तर उद्यापासून तो माझ्याकडे बघेल आणि विचार करेल, हिने मान हलवली खरी, पण ताईनेही... मग तो दार कसं उघडेल? कुणाच्या तोंडाकडे बघेल? त्याला खोटं बोललं जाऊ शकतं, हे त्याच्या मनातही आलेलं नाही, ताई. तुमचे कान गेले असं त्याला वाटतं. जिने वाढवलं ती खोटं बोलेल, असं नाही वाटलं. एकदाही नाही.

म्हणून गप्प बसले. तुम्हाला वाचवायला नाही, गैरसमज नको.

तुमचा तो प्रश्न, शुद्ध नसली तर, तो खोटा नव्हता. तेवढं मान्य करते. शिंपीण आता दुपारी तिचं मशीन आमच्या बाहेरच्या खोलीत आणून बसते. तिच्याकडे उजेड कमी आहे, आमच्याकडे खिडकी आहे. त्याला बघायला तोंड मिळालं. हे तुम्ही ओरडण्याऐवजी सुचवलं असतंत तर तुमचे पाय धरले असते मी.

आता नीट ऐका. आजपासून तुम्ही बहिऱ्या. तो फोन करेल तेव्हा ओरडून बोलेल, तुम्ही "काय?" म्हणायचं. दोनदा म्हणायचं. इथे आलात, तर तो कानाशी तोंड नेऊन, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तुमची खुशाली विचारेल. वैतागायचं नाही. चारचौघांत, लग्नकार्यात, कुठेही. आणि पुन्हा त्याने तुम्हाला कधी विचारलं, ताई, हाक आली का, तर म्हणायचं, मला विचारू नकोस, मला ऐकू येत नाही. 'हो' नाही, 'नाही' नाही. तो हक्क गेला तुमचा.

खारूलाही सांगितलंय, आत्याला ऐकू येत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." आठ वर्षांची पोर. भाजलं तेव्हा माझ्यापायी लपवलं तिने, आता तुमच्यापायी.

तो रोज मागे लागतो, ताईला लिही, चांगल्या डॉक्टरकडून कान तपासून घे म्हणावं, हयगय करू नको म्हणावं. त्याने सांगितलं म्हणून लिहिलं. तुम्ही तपासू नका. कान चांगले निघाले, तर मी त्याला काय सांगू?

खारूची आई